अभाव आणि अपयश : संगणकभाषांतील बेरीज-प्रकार

१९६५ मध्ये टोनी होअर यांनी आल्गॉल डब्ल्यू या संगणकभाषेत शून्य-निर्देश आणला. मूल्य नसताही ते आहे असे समजून पुढे जाण्यास त्यामुळे वाव मिळाला; २००९ साली खुद्द होअर यांनीच त्यास अब्ज डॉलरांची चूक म्हटले. बर्स्टल, मॅक्वीन व सॅनेला यांच्या होप (१९८०) या फलनप्रधान भाषेची वाट निराळी होती. तीत अनेक पर्याय जोडून एकच प्रकार रचता येई : यश असेल तर फल, अपयश असेल तर त्याचे कारण. दोहोंच्या संभाव्य मूल्यांची बेरीज तीच या प्रकाराची मूल्यसंख्या, म्हणून त्यास बेरीज-प्रकार म्हणावे. कोणता पर्याय हाती आला हे तपासूनच आतील मूल्य मिळते.

येथे अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह आठवतो. (आठल्ये यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १८९७ मध्ये मुंबई संस्कृत मालेत निघाली.) त्यात अभाव हा सातवा पदार्थ असून त्याचे चार भेद केले आहेत. ‘झाडावर संत्री नाहीत’ असे नागपूरचा बागाईतदार म्हणतो, तेव्हा बहार अद्याप धरला नाही की धरलेली फळे सडून गेली, हे त्या एका ‘नाहीत’वरून कळत नाही. नैयायिक पहिल्यास प्रागभाव व दुसऱ्यास प्रध्वंसाभाव म्हणून वेगळे काढतो. शिवाय अभावास प्रतियोगी, म्हणजे ज्याचा अभाव ती वस्तू, सांगावाच लागतो.

एडिंबरोच्या पंडितांनी हे न्यायशास्त्रातून घेतले असे मुळीच सुचवावयाचे नाही. साम्यासही मर्यादा आहे : रस्ट भाषेतील (पहिली स्थिर आवृत्ती २०१५) ‘रिझल्ट’ अपयशाचे कारण वाहून आणतो, प्रतियोगी मात्र काय नाही एवढेच सांगतो, का नाही ते सांगत नाही.