कराराबाहेर राहिलेली माणसे



आपल्यापैकी बहुतेक कुटुंबे अमेरिकेत उशिरा आली. आपण आलो तेव्हा आठवड्याचे चाळीस तास, त्यापुढील कामाचे जादा वेतन, उतारवयातील सोशल सिक्युरिटी, कारखान्यांतील आगीपासून बचावाची व्यवस्था, हे सारे येथे आधीच होते. तयार घरात राहावयास आलेल्या माणसाला त्याचा पाया कोणी खणला हे सहसा ठाऊक नसते. आज मला त्या पायाविषयी बोलावयाचे आहे. तो खणणाऱ्यांत आपल्याच धर्माच्या, पण आपल्याहून वेगळी भाषा बोलणाऱ्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहरात स्त्रियांचे तयार ब्लाउज, म्हणजे ‘शर्टवेस्ट’, शिवण्याचे शेकडो कारखाने होते. रशियन साम्राज्यातील दंगलींतून निसटलेल्या यहुदी मुली तेथे यंत्रांवर बसत. त्या यिद्दिश बोलत. त्यांच्या शेजारी इटलीहून आलेल्या मुली असत. दोघींना एकमेकींचे बोलणे कळत नसे. इंग्रजी तर दोघींनाही परकीच. मोसमात कामाला तासांचा हिशोब राहत नसे. सुई, दोरा, इतकेच काय यंत्राला लागणारी वीजसुद्धा, यांचे पैसे पुष्कळ ठिकाणी मजुरीतून कापले जात. येथे एक गोष्ट आपण स्पष्टपणे मान्य केली पाहिजे : या कारखान्यांचे मालकही बहुधा यहुदीच होते. तेव्हा ही लढाई आपले आणि परके यांच्यातील नव्हती; ती न्यायाची होती.

१९०९ च्या शरद ऋतूत ट्रँगल आणि लायसरसन या दोन कारखान्यांतील मुली संपावर गेल्या. पुढे काय करावे हे ठरविण्यासाठी २२ नोव्हेंबर रोजी कूपर युनियनच्या सभागृहात सभा भरली. सॅम्युएल गॉम्पर्स यांच्यासारखे नामांकित पुढारी बोलले. सबुरीचा सल्ला देण्यात तास दोन तास गेले. तेव्हा क्लारा लेम्लिक नावाची तेवीस वर्षांची मुलगी व्यासपीठाकडे निघाली. पहाऱ्यावर असताना गुंडांनी तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. ती यिद्दिशमध्ये थोडकेच बोलली : भाषणे पुरे झाली, सार्वत्रिक संप पुकारा. सभाध्यक्षांनी लोकांना उजवे हात वर करावयास सांगून शपथ दिली. यरुशलेमचा विसर पडल्यास आपला हात गमवावा, अशा अर्थाची जी शपथ १३७ व्या स्तोत्रात आहे, तिच्याच धर्तीवर ती होती. फक्त यरुशलेमच्या जागी कामगारांचे कार्य आले होते. जुन्या शब्दांना नवे काम मिळाले, असे मला वाटते.

वीस हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले. भर हिवाळ्यात मुली पहाऱ्यावर उभ्या राहिल्या. सातशेहून अधिक जणींना अटक झाली. शहरातील काही श्रीमंत स्त्रियांनी त्यांच्यासाठी जामीन भरला. डिसेंबरच्या अखेरीस मालकांनी तास आणि मजुरी यांबाबत सवलती देऊ केल्या, पण युनियनला मान्यता नाकारली. मुलींनी तो प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर श्रीमंत मैत्रिणींपैकी काहींचा उत्साह ओसरला. तरीही फेब्रुवारी १९१० मध्ये संप संपला तेव्हा तीनशेहून अधिक कारखान्यांनी करार केले होते : आठवड्याचे बावन्न तास, वाढीव मजुरी, सुईदोऱ्याची कपात बंद.

मात्र जेथून ठिणगी पडली त्या ट्रँगल कारखान्याने युनियन मानली नाही. उघडी दारे आणि भक्कम जिने यांची मागणी तेथे तशीच राहिली. जिंकलेल्या संपातून एक दार बंदच राहून गेले.

२५ मार्च १९११ रोजी दुपारी साडेचारनंतर त्या कारखान्यात, इमारतीच्या आठव्या मजल्यावर, आग लागली. नवव्या मजल्यावरील जिन्याच्या एका दाराला कुलूप होते. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचल्या. १४६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १२३ स्त्रिया व मुली होत्या. मृतांत बहुसंख्य यहुदी आणि इटालियन होते. तो दिवस शनिवारचा होता. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून आपल्या पूर्वजांना लोक शनवार तेली म्हणत. या मुलींना शब्बाथच्या दिवशीही यंत्रावर बसल्यावाचून पोट भरता येत नव्हते. मालकांवर खटला झाला, आणि दाराला कुलूप असल्याचे त्यांना ठाऊक होते हे सिद्ध न झाल्याने ते सुटले.

५ एप्रिलला भर पावसात लाखभराहून अधिक लोक शोकयात्रेत चालले. त्या दबावाखाली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने चौकशी आयोग नेमला. रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ त्याचे प्रमुख होते. कामाच्या वेळात दारे उघडी ठेवणे, आगीच्या कवायती, पाण्याचे स्वयंचलित फवारे यांविषयीचे कायदे त्यातून झाले. आग डोळ्यांनी पाहिलेली फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ मध्ये अमेरिकेची कामगारमंत्री झाली. मंत्रिमंडळातील ती पहिली स्त्री. १९३५ चा सोशल सिक्युरिटी कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा तिच्याच कारकिर्दीतले. युनियनच्या हक्काचा १९३५ चा कायदा तर वॅग्नर यांच्याच नावाने ओळखला जातो.

येथे थांबलो असतो तर कथा गोड झाली असती. परंतु या तिन्ही कायद्यांतून प्रारंभी शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया वगळलेल्या होत्या. दक्षिणेतील कृष्णवर्णीय कामगारांपैकी बहुसंख्य नेमके याच कामांत होते. पुन्हा एकदा करार झाला आणि पुन्हा काही माणसे दाराबाहेर राहिली. त्यांच्यासाठी ए. फिलिप रँडॉल्फ आणि बायर्ड रस्टिन यांना १९६३ मध्ये वॉशिंग्टनला मोर्चा न्यावा लागला. त्या मोर्चाच्या नावातच स्वातंत्र्याच्या आधी रोजगाराचा उल्लेख आहे. तेथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आधी बर्लिनहून नाझींनी हाकललेले रब्बी योआखिम प्रिन्झ बोलले.

या इतिहासातून मी एवढेच घेतो. कष्टकऱ्यांची एकी भाषेने किंवा धर्माने आपोआप होत नाही. ती मेहनतीने जुळवावी लागते. आणि तिचे मोल किती जण आत आले यावर ठरत नाही, तर करारावर सह्या झाल्या तेव्हा बाहेर कोण राहिले यावर ठरते. आपल्या घरांत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या, आपल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत झाडलोट करणाऱ्या स्त्रियांचे तास किती, सुट्टी किती आणि आजारपणात त्यांचे काय होते, हे प्रत्येकाने या आठवड्यात स्वतः विचारून पाहावे. आपला शब्बाथ पाळणे हे आपले कर्तव्य आहेच. पण आपल्याकडे काम करणाऱ्यालाही त्या दिवशी विसावा मिळावा, असे तोरा त्याच आज्ञेत सांगते.