दादासाहेब कोणत्या कॉलेजात होते?

फिल्म आणि टीव्हीचं शिक्षण घ्यायचंय, असं घरात सांगणाऱ्या मुलाला जे ऐकावं लागतं, तेच चित्रपटसृष्टीतली जाणती माणसं जरा सफाईदार भाषेत बोलतात. सिनेमा काही वर्गात बसून येत नाही, तो सेटवर येतो. फाळके, शांताराम, सत्यजित राय यांच्यापैकी डिप्लोमा कोणाकडे होता? आणि आता तर कॅमेरा खिशात आहे, एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, धडे यूट्यूबवर आहेत. मग तीन वर्षं आणि लाखो रुपये कशाला घालवायचे?

या पूर्वपक्षातली नावं बरोबर आहेत. त्यांचे दाखले मात्र बोलणाऱ्यांनी नीट वाचलेले दिसत नाहीत.

दादासाहेब फाळके १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रण केलं, शिळाप्रेसची कामं केली, रंगीत छपाई समजून घ्यायला जर्मनी गाठली. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी १९१२ मध्ये ते लंडनला गेले, तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरण कसं चालतं ते पाहिलं आणि मग कॅमेरा विकत घेतला. ज्या माणसाने इतकं पद्धतशीर शिक्षण घेतलं, त्यालाच ‘शिकायची गरज नाही’ याचा साक्षीदार म्हणून उभं करायचं, म्हणजे कमाल आहे. सिनेमाचं कॉलेज तेव्हा जगात कुठेच नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

शांतारामबापूंचं उदाहरण तर उलट बाजूला जातं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते पडेल ते काम करत शिकले. दामले, फत्तेलाल, धायबर हेही तिथलेच. तिथे कॅमेरा घडवला जाई, पडदे रंगवले जात, फिल्म धुतली जाई, आणि हे सगळं एकाच आवारात, एकाच माणसाच्या नजरेखाली. १९२९ मध्ये या मंडळींनी ‘प्रभात’ काढली, १९३३ मध्ये ती पुण्यात आणली, आणि पगारावर ठेवलेल्या माणसांना घडवण्याची तीच रीत चालू ठेवली. ही शाळाच होती. फक्त तिथे फी भरण्याऐवजी पगार मिळे.

पुढचा भाग वादात कोणी काढत नाही. स्टुडिओंची ती व्यवस्था मोडली. निर्माते स्वतंत्र झाले, माणसं चित्रपटापुरती नेमली जाऊ लागली, आणि शिकाऊ मुलाला वर्षानुवर्षं सांभाळणारं कोणी उरलं नाही. १९५१ च्या चित्रपट चौकशी समितीने प्रशिक्षणसंस्थेची शिफारस केली ती याच काळात. पन्नाशीच्या दशकात प्रभात बंद पडली आणि १९६० मध्ये तिच्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचं प्रशिक्षणही तिथे आलं. म्हणजे उस्तादाची परंपरा कॉलेजने मोडली असं नाही. परंपरा मोडल्यावर रिकाम्या झालेल्या जागेत कॉलेज आलं.

आता ‘सेटवर शिक’ या सल्ल्याकडे जवळून पाहू. मराठी दैनंदिन मालिकेच्या सेटवर नवा सहायक जातो. रोजचा एपिसोड रोज द्यायचा असतो. त्याच्या हातात कंटिन्युइटीचं शीट येतं. नायिकेचा पदर कोणत्या खांद्यावर होता, पेला अर्धा होता की रिकामा, हे तो लिहितो आणि लाइटदादांच्या वाटेतून बाजूला होतो. यातून शिस्त येते, शिफ्ट कशी चालते ते कळतं, माणसं सांभाळता येतात. हे कमी नाही. पण कॅमेरा इथेच का लावला, हे दिग्दर्शकाला विचारायची सोय नसते आणि दिग्दर्शकाला सांगायला सवड नसते. शॉट चुकला तर मध्ये एखादा क्लोज-अप घालून किंवा वर पार्श्वसंगीत टाकून तो झाकतात. सहायक झाकायची युक्ती शिकतो. चूक कशामुळे झाली, ते त्याच्या हाती लागत नाही.

याच्या उलट सुरुवातीच्या वर्गातला एक साधा अभ्यास घ्या. एक माणूस दार उघडून खोलीत येतो, टेबलावरची चिठ्ठी वाचतो, खुर्चीत बसतो. संवाद नाही. विद्यार्थ्याला वाटतं, यात काय आहे? मग एडिटिंगला बसल्यावर दिसतं की बाहेरच्या शॉटमध्ये कडीवर डावा हात आहे आणि आतल्या शॉटमध्ये उजवा. माणूस फ्रेमच्या उजवीकडून बाहेर गेला आणि पुढच्या शॉटमध्ये उजवीकडूनच आत आला, म्हणून वाटेतून परत फिरल्यासारखा वाटतो. चिठ्ठी पडद्यावर इतकी कमी राहते की वाचताच येत नाही. शूटिंगच्या वेळी यातलं काहीही कोणाला खटकलेलं नसतं. शेजारी बसलेला शिक्षक एकच विचारतो, इथे कट का केलास? त्याचं उत्तर सापडेपर्यंत तो प्रसंग पुन्हा पुन्हा कापावा लागतो. ही मुभा देणारा निर्माता मला अजून भेटायचा आहे.

मोबाइलच्या मुद्द्याला तर शंभर वर्षांपूर्वीच उत्तर मिळालंय. मॉस्कोची चित्रपटशाळा १९१९ मध्ये निघाली, जगातली पहिली. क्रांतीनंतर कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता. तिथले शिक्षक कुलेशोव्ह यांच्या कार्यशाळेत मुलं फिल्मशिवायच प्रसंग बसवत, आणि हाती असलेल्या जुन्या तुकड्यांची जुळणी बदलून पाहत. एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या बशीशेजारी जोडला तर भुकेला दिसतो, शवपेटीशेजारी जोडला तर शोकाकुल, हा प्रसिद्ध प्रयोग त्याच गटातला. साधनं जवळजवळ नव्हती, आणि संकलनाचा पाया तिथे घातला गेला. आज साधनांचा सुकाळ आहे. आपण केलेलं दहा जणांसमोर लावून त्यांचं निमूट ऐकून घेण्याची जागा मात्र यूट्यूब देत नाही.

कॉलेजातून एका साच्याची, जड सिनेमा काढणारी माणसं निघतात, हाही एक आवडता आरोप. डेव्हिड धवन याच पुण्याच्या संस्थेत संकलन शिकले, एवढं सांगून पुढे जातो. तिथल्याच के. के. महाजन यांनी मणि कौल यांचा ‘उसकी रोटी’ टिपला आणि ‘रजनीगंधा’ही टिपला. तिथल्याच रेणू सलूजा यांनी संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार चार वेळा मिळवला. खरं तर हा सगळा वाद दिग्दर्शकांच्या नावांवर चालतो, तिथेच तो फसतो. प्रतिभावान दिग्दर्शक कुठूनही येऊ शकतो. प्रकाश, ध्वनी, संकलन यांत मात्र पहिल्या दिवसापासून हात बसलेला लागतो.

राय यांच्याबद्दलही थोडं. त्यांनी १९४७ मध्ये मित्रांसोबत कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, शांतिनिकेतनात चित्रकला शिकले होतेच, आणि फ्रेंच दिग्दर्शक रेन्वार ‘द रिव्हर’साठी बंगालात आले तेव्हा त्यांच्याबरोबर हिंडले. नागराज मंजुळे हे ‘स्वयंभू’ म्हणून हटकून घेतलं जाणारं नाव. त्यांनी नगरच्या कॉलेजात संज्ञापन अभ्यासाची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. कॉलेजने त्यांना त्यांचं गाव जेऊर दिलं नाही, अनुभव दिला नाही, हे उघड आहे. तसा दावा कोणी करतही नाही.

पूर्वपक्षाचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. मास मीडियाच्या नावाखाली जागोजागी निघालेल्या अभ्यासक्रमांत ‘लाँग शॉट म्हणजे काय?’ हा पाच गुणांचा प्रश्न सुटतो आणि लाँग शॉट घ्यायची वेळच येत नाही. कॅमेरे कपाटात, कपाटाची किल्ली कार्यालयात. अशा ठिकाणी पैसे भरण्यापेक्षा मालिकेच्या सेटवर पेले मोजलेले बरे. म्हणून प्रवेश घेण्याआधी पालकांनी माहितीपत्रकातले ड्रोनचे फोटो बाजूला ठेवून तीन गोष्टी विचाराव्यात. एकेका मुलाला वर्षात स्वतःचे किती प्रसंग चित्रित करायला मिळतात, त्याचा पहिला कट पाहायला शेजारी कोण बसतं, आणि दर आठवड्याला पडद्यावर कोणता सिनेमा लागतो?