ग्रॅज्युएशननंतर एलएलबी करायचंय? मग सीईटीच्या पुस्तकाआधी मार्कशीट उघडा

टीवायची परीक्षा संपते, घरचे विचारतात, ‘पुढे काय?’ आणि बऱ्याच जणांचं उत्तर असतं, ‘लॉ करतोय.’ बीए, बीकॉम, बीएस्सी, कोणत्याही पदवीवर तीन वर्षांच्या एलएलबीला जाता येतं. त्यासाठी महाराष्ट्रात राज्य सीईटी सेलची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

परीक्षा तशी घाबरवणारी नाही. मुलं अडकतात ती भलतीकडेच.

बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे खुल्या प्रवर्गाला पदवीत किमान ४५ टक्के लागतात, ओबीसींना ४२ आणि एससी-एसटींना ४०. ४४.५ म्हणजे ४५ झालेच की, असं इथे चालत नाही. सीईटीत कितीही चांगला स्कोअर आला तरी पदवीचे टक्के कमी असतील तर प्रवेश नाही. त्यामुळे एफवाय-एसवायला ‘पास झालो ना, बस’ म्हणणाऱ्यांनी वेळीच सावध झालेलं बरं. सीईटी शेवटच्या वर्षात असतानाही देता येते, पण प्रवेशाच्या वेळी पदवी पास असल्याचा निकाल हातात लागतो. एखादी एटीकेटी राहिली असेल तर वर्ष गेलं.

दुसरा घोळ मुक्त विद्यापीठाचा. दहावी, बारावी करून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं असेल तर काही अडचण नाही. पण बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमावरून थेट पदवीला प्रवेश घेतला असेल, तर बार काउन्सिल ती पदवी एलएलबीसाठी धरत नाही. नोकरी करत शिकलेल्या अनेकांना हे अर्ज भरताना कळतं, म्हणजे फारच उशिरा.

आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. पडताळणी समितीकडे जुने पुरावे द्यावे लागतात, आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच कधी कधी महिने जातात. एसवायला असतानाच कॉलेजच्या ऑफिसमधून ही फाईल पुढे सरकवणं शहाणपणाचं. ओबीसी, व्हीजेएनटी वगैरेंना नॉन क्रिमीलेअरही लागतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे विसरू नका.

आता परीक्षा. २०२५ला १२० प्रश्न आणि दोन तास असा पॅटर्न होता. इंग्रजी ४०, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी ३२, कायदेविषयक कल २४, तर्कक्षमता २४. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचं कारण नाही. पेपर मराठीतही देता येतो, पण इंग्रजीचे प्रश्न इंग्रजीतच. एकूण मार्कांचा तिसरा हिस्सा तिथे आहे. मराठी माध्यमाच्या मुलांनी तीन वर्षांत रोज अर्धा तास इंग्रजी पेपर वाचला तरी मोठा फरक पडतो. शेवटच्या दोन महिन्यांच्या क्लासने तो पडत नाही.

कायद्याच्या भागासाठी संविधानाची मूलभूत माहिती पक्की हवी. सीनियरकडून जुनं गाईड घेतलं असेल तर ते कोणत्या वर्षाचं आहे ते बघा. १ जुलै २०२४पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आपण सर्रास ज्याला ‘चारसोबीस’ म्हणतो, ते फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे आणि खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३.

‘एलएलबी झालं की लगेच जेएमएफसी देणार’ हा प्लॅन असेल तर हिशोब पुन्हा मांडा. सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५च्या निकालात दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पदासाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची केली. २१व्या वर्षी पदवी, २४व्या वर्षी एलएलबी, म्हणजे परीक्षेला बसायलाच २७ उजाडतात. पहिली काही वर्षं ज्युनियर वकिलाची कमाई फारशी नसते, त्यामुळे हा काळ घरी परवडणार आहे का, हे आधीच बोलून घ्यावं.

एक खर्च मात्र कमी झालाय. वकिलीची सनद घेताना काही राज्यांच्या बार काउन्सिल हजारो रुपये घ्यायच्या. ३० जुलै २०२४ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती फी खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये आणि एससी-एसटींना १२५ रुपये आहे.