ख्रिस्ती मूल्ये आणि गुंतवणूक : ठेव कोठे ठेवावी?

विलेपार्ल्याच्या इर्ला परिसरात आणि जुन्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. शेती गेली, नोकऱ्या आल्या, कोणाची जागा विकासकाकडे गेली. हाती आलेला पैसा कोठे ठेवावा, हा प्रश्न त्यांनाही इतर पार्लेकरांसारखाच पडतो. मात्र मद्य, तंबाखू, जुगार वा शस्त्रास्त्रे यांच्या नफ्यात आपला वाटा असावा का, हा जादा विचार श्रद्धाळू ख्रिस्ती गुंतवणूकदाराला टाळता येत नाही.

व्याजाविषयी चर्चची भूमिका एकेकाळी कठोर होती. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४५ साली 'विक्स पेर्वेनित' या पत्रात कर्जावरील व्याज निषिद्ध असल्याचे पुन्हा सांगितले. पुढे व्यापाराचे स्वरूप पालटले आणि एकोणिसाव्या शतकात हा विरोध मावळला. मत्तयकृत शुभवर्तमानातील दृष्टांतात तर पैसे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासालाच धनी दोष देतो. त्यामुळे मुदत ठेवीचे व्याज घेण्यास आज धार्मिक अडसर नाही. शरियतच्या निकषांवर चालणारा टाटा एथिकल फंड बँकांचे शेअर वगळतो. ख्रिस्ती गुंतवणूकदाराला तसे करण्याचे कारण नाही.

त्याची चाळणी निराळी आहे. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७६० मध्ये पैशाच्या उपयोगावरील प्रवचनात शेजाऱ्याच्या देहाला वा आत्म्याला इजा करून होणारी कमाई त्याज्य ठरविली. अमेरिकेत १९७१ साली दोन मेथडिस्टांच्या पुढाकाराने पॅक्स वर्ल्ड फंड निघाला. तेथील कॅथलिक बिशपांनी गुंतवणुकीसाठी स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे आखली असून ती २०२१ मध्ये सुधारली. व्हॅटिकनच्या सामाजिक शास्त्रांच्या अकादमीने २०२२ साली 'मेन्सुराम बोनाम' ही पुस्तिका काढली.

ही चाळणी भारतीय बाजाराला लावणे मात्र वाटते तितके सोपे नाही. निफ्टीवर आधारलेला साधा इंडेक्स फंड घेतला तरी आयटीसीचा हिस्सा त्यात येतोच. ही कंपनी बिस्किटे विकते तशी सिगारेटही विकते. अशा वेळी फंडाचा मासिक 'पोर्टफोलिओ' तपशील वाचणे, हाच खरा उपाय. बहुतेक गुंतवणूकदार तो उघडूनही पाहत नाहीत.

आपल्याकडील ख्रिस्ती परंपरा शेअर बाजारापेक्षा सहकाराच्या वाटेने गेली. जर्मन जेझुइट फादर हॉफमन यांनी १९०९ साली छोटानागपूरच्या आदिवासींसाठी कॅथलिक पतसंस्था काढली. वसईत १९१८ साली मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पतसंस्था स्थापन झाली. पापडी येथे मुख्यालय असलेली आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. सावकाराच्या दारी न जाता गावचा पैसा गावातल्या गरजूला मिळावा आणि भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच असावे, हे सहकाराचे तत्त्व. नैतिक गुंतवणुकीचा याहून जुना व देशी नमुना शोधण्याची गरज नाही, असे म्हणता येईल.

तथापि समाजाची बँक म्हणजे सुरक्षित बँक, हे समीकरण धोक्याचे आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा खातेदारांना आरंभी अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. शीख समाजाचा या बँकेवर मोठा विश्वास होता. गुरुद्वारांच्या ठेवीही तीत अडकल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या मुंबईकर ठेवीदारांवर तशीच पाळी आली. ही बँक पुढे सारस्वत बँकेत विलीन झाली.

म्हणून ठेवीदाराने धर्मगुरूंच्या शब्दाइतकाच बँकेचा ताळेबंदही पाहावा. निव्वळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण, भांडवल पर्याप्तता आणि लेखापरीक्षणाचा वर्ग हे आकडे वार्षिक अहवालात असतात, आणि सभासदाला सर्वसाधारण सभेत त्यांविषयी विचारता येते. फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारामागे, मुद्दल व व्याज धरून, पाच लाख रुपयांपर्यंत आहे. निवृत्तीची सारी पुंजी एकाच बँकेत ठेवणाऱ्याला त्यावरील रकमेसाठी हे संरक्षण मिळत नाही.