१७. ‘आय ६१००’ची खूण

अमेरिकेत मेडिकेअर-मेडिकेडचा पैसा घेणाऱ्या नर्सिंग होमला प्रत्येक रहिवाशाचा ‘एमडीएस’ हा मूल्यांकन-अर्ज भरावाच लागतो. त्याच्या ३.० आवृत्तीतला ‘आय ६१००’ हा रकाना आघातोत्तर ताणविकाराचा, म्हणजे पीटीएसडीचा. नर्सला नुसती लक्षणे दिसली म्हणून तिथे खूण करता येत नाही. गेल्या ६० दिवसांत डॉक्टरांनी निदान नोंदवलेले हवे, शिवाय गेल्या ७ दिवसांत त्याचा रहिवाशाच्या स्थितीशी किंवा उपचारांशी थेट संबंध हवा. मग व्हिएतनामहून परतलेला एखादा म्हातारा सैनिक झोपेतून ओरडत उठतो, अंघोळ घालताना मागून हात लागला की अंगावर धावून येतो, आणि कागदावर मात्र निव्वळ ‘स्मृतिभ्रंश, आक्रमक वर्तन’ एवढाच उरू शकतो. नोव्हेंबर २०१९पासून आघाताचे भान ठेवून शुश्रूषा करणे बंधनकारक आहे. तेही आघात सोसलेल्या प्रत्येकाबाबत, रकाना रिकामा असला तरी. — संपा.