वार, स्प्रेडशीटमधील
वार, स्प्रेडशीटमधील : तारखेवरून आठवड्याचा वार काढून दाखवण्याची स्प्रेडशीट प्रोग्रॅममधली सोय. एक्सेल, गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क या तिन्हींत ती आहे. हजेरीपट, दुकानाची रोजची विक्री, कामाच्या पाळ्या, दुधाचा हिशेब, थोडक्यात जिथे ‘तारीख-वार’ लागते तिथे ती वापरतात.

सेलमध्ये वार साठवलेला नसतो. खरे तर तारीखही नसते. असतो तो दिवसांचा एक आकडा. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि पुढे रोज त्यात एकाची भर. या आकड्याला ७ने भागून जी बाकी उरते, तोच वार. १ उरला तर रविवार, २ उरले तर सोमवार, असे करत ६ला शुक्रवार. काहीच उरले नाही तर शनिवार. १५ ऑगस्ट १९४७चा आकडा १७३९४, बाकी ६, म्हणून शुक्रवार. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले त्या १ मे १९६०चा २२०३७, बाकी १, रविवार.

हा हिशेब असा सरळ जुळतो तो एका चुकीच्या कृपेने. शतकाच्या वर्षाला ४००ने भाग गेला तरच ते लीप वर्ष. म्हणजे १९०० लीप नव्हते. पण १९८३मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ने ते लीप धरले, आणि लोटसच्या फायलींशी मेळ राहावा म्हणून एक्सेलने ती चूक जाणूनबुजून उचलली. आजही एक्सेलमध्ये ६० हा आकडा तारीख म्हणून दाखवला, तर २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उजाडलेला दिवस समोर येतो. परिणामी १ मार्च १९००पासूनचे वार बरोबर आणि त्याआधीच्या दोन महिन्यांचे एक दिवस मागे. १ जानेवारी १९०० प्रत्यक्षात सोमवार होता. एक्सेल रविवार सांगते. शीट्स आणि कॅल्क यांनी ३० डिसेंबर १८९९ला शून्य धरून ही अडचण शिताफीने टाळली आहे. १९००पूर्वीचे एक्सेलला काही कळतच नाही. लोकमान्य टिळकांची जन्मतारीख, २३ जुलै १८५६, ते नुसता मजकूर म्हणून ठेवते. कॅल्क मात्र बुधवार काढून देते.

वार दाखवण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे सेलचे फॉरमॅट बदलणे. कंट्रोल आणि १ दाबून ‘कस्टम’मध्ये डी हे अक्षर चार वेळा लिहिले की पूर्ण नाव, तीन वेळा लिहिले की आखूड नाव दिसते. आत आकडा तसाच राहतो, त्यामुळे रकाना तारखेच्याच क्रमाने लागतो. टेक्स्ट या फंक्शनला हेच चार डी दिले तर वाराचे नाव मजकूर बनून येते. ते छापायला ठीक, पण त्यावर क्रम लावला की गुरुवार, बुधवार, मंगळवार अशी अक्षरांप्रमाणे रांग लागते. शिवाय जर्मन एक्सेलमध्ये दिवसासाठी डी नाही, टी चालतो. सेलचे फॉरमॅट आपोआप बदलते, फॉर्म्युल्यातली अक्षरे बदलत नाहीत.

मोजणीसाठी वीकडे हे फंक्शन खरे. ते वाराचा क्रमांक देते : काही न सांगता रविवार १, दुसऱ्या जागी २ लिहिले तर सोमवार १ आणि रविवार ७. बँकांना १ सप्टेंबर २०१५पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. हे शनिवार ओळखायला वार शनिवार आहे आणि तारीख ८ ते १४ किंवा २२ ते २८मध्ये बसते, एवढे तपासले की झाले.

मराठी नावांसाठी एक्सेलमध्ये फॉरमॅटच्या आरंभी चौकटी कंसात डॉलर, आडवी रेघ आणि ४४ई हा मराठीचा संकेतांक लिहितात. दुसरा उपाय चूज फंक्शनचा : त्याला वीकडेचा क्रमांक आणि रविवार ते शनिवार ही सात नावे द्यायची. लांबलचक खरा, पण तिन्ही प्रोग्रॅमांत चालतो आणि ‘बृहस्पतवार’ हवा असेल तर तोही लिहिता येतो.

वार चुकला तर दोष बहुधा तारखेचा असतो. संगणक अमेरिकी पद्धतीवर, म्हणजे महिना आधी, असेल तर ०५/०८ लिहिल्यावर ५ ऑगस्टऐवजी ८ मे होते आणि भलताच वार निमूटपणे येतो. १५/०८ला मात्र पंधरावा महिना नसल्याने तो मजकूर राहतो आणि सेलच्या डाव्या कडेला चिकटतो. त्यामुळे एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे व काही उजवीकडे दिसल्या, तर उजवीकडच्यांवर आधी संशय घ्यावा. उपाय ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडण्याचा, पण तो मूळ मजकुरावरच चालवावा, कारण एकदा ८ मे झालेली तारीख त्याने परतत नाही.

फॉर्म्युला खाली ओढल्यावर रिकाम्या ओळींत शनिवारच शनिवार उमटतात, तेही याच आकड्यामुळे : रिकामा सेल म्हणजे शून्य, आणि शून्याची बाकी शून्य. आधी इफ लावून सेल रिकामा असल्यास काहीच दाखवू नये असे सांगितले की ते जातात.