नव्या टाकीत मासा तळाशी का जातो

झेब्रामासा ओळखीच्या टाकीतून जाळीने उचलून नव्या, रिकाम्या टाकीत सोडला की तो सरळ तळ गाठतो. तिथे काही वेळ थिजून राहतो, नाहीतर तळालगतच सैरावैरा येरझाऱ्या घालतो. भीड चेपली की हळूहळू वर येऊ लागतो. टाकी साधारण दीड लिटरची, काचेवर मध्यभागी एक आडवी रेघ, समोर कॅमेरा. मासा रेघेच्या वर पहिल्यांदा कधी आला, वर किती वेळ राहिला, किती वेळा थिजला हे पाच-सहा मिनिटं टिपायचं. चिंतेवरची औषधं पारखणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत आज ही रोजची चाचणी आहे.

माशाला औषध देऊन त्याचं वागणं पाहण्याची कल्पना मात्र या टाकीहून बरीच जुनी. 1954 साली अमेरिकेत हॅरॉल्ड अब्राम्सन आणि इव्हान्स यांनी सयामी लढाऊ माशावर, म्हणजे मत्स्यालयाच्या दुकानात ज्याला नुसतं ‘फायटर’ म्हणतात त्याच्यावर, एलएसडीचा प्रयोग करून ‘सायन्स’मध्ये तो छापला. पाण्यात औषध पडलं की मासा तोंड वर, शेपूट खाली अशा विचित्र पवित्र्यात राहायचा. निरीक्षण बारकाईचं होतं. पण त्या पवित्र्याचा माशाच्या स्वतःच्या जगण्यात काय अर्थ, हे त्यातून कळत नव्हतं. मला या साऱ्या इतिहासातला कळीचा मुद्दा इथेच दिसतो. औषधाने वागणं बदललं असं म्हणण्याआधी, औषध नसताना मासा तसं का वागतो हे ठाऊक हवं.

ते कळण्याची वाट फार्माकॉलॉजीतून आलीच नाही. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणारे कार्ल फोन फ्रिश मिनो नावाच्या छोट्या माशांवरही काम करत. एक जखमी मासा कळपात परतताच बाकीचे घाबरून पांगले, हे त्यांनी पाहिलं आणि 1938 मध्ये त्यावर लिहिलं. फाटलेल्या कातडीतून पाण्यात काहीतरी मिसळतं, बाकीचे मासे ते हुंगतात आणि जीव वाचवायला धावतात. माशाची भीती अशी मोजण्याजोगी झाली: कशाने उठते, किती वेळ टिकते, शरीर काय करतं. झेब्रामासा मिनोच्याच गणातला. जातभाईच्या कातडीचा अर्क पाण्यात पडला की तोही खाली सूर मारतो, थिजतो. नव्या टाकीतही तो तेच करतो, कारण अनोळखी जागी उघड्या पाण्यात वर तरंगणं धोक्याचं.

हा मासा आपल्याकडचा. ईस्ट इंडिया कंपनीचे स्कॉटिश डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या 1822 च्या ग्रंथात त्याची पहिली शास्त्रीय नोंद केली. नमुना कोसी नदीचा. पुढे शोभेच्या माशांच्या व्यापारातून तो जगभर पोचला. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी दुकानातून आणलेले मासे वाढवून अनुवंशशास्त्रासाठी हा प्राणी तयार केला. त्यांचा गाजलेला शोधनिबंध 1981 चा. मादी शेकड्यांनी अंडी घालते, गर्भ पारदर्शक, अवघ्या दोन-तीन दिवसांत पिल्लू अंड्याबाहेर. आणखी एक गोष्ट ताणाच्या अभ्यासात फार मोलाची ठरली. माणसाप्रमाणेच या माशाचंही ताणाचं मुख्य संप्रेरक कॉर्टिसॉल आहे. उंदरांत ते काम कॉर्टिकोस्टेरॉन करतं.

2007 मध्ये ड्यूक विद्यापीठात एडवर्ड लेविन आणि सहकाऱ्यांनी निकोटिन दिलेले झेब्रामासे नव्या टाकीत सोडले, तेव्हा ते तळाला कमी चिकटून राहिले. 2009 मध्ये त्याच गटाने चिंतेवरची तीन औषधं तपासली. बस्पिरोनचा परिणाम ठळक दिसला, डायझेपामचाही दिसला. क्लोरडायझेपॉक्साइडचा मात्र लक्षणीय परिणाम आढळला नाही. हे तिसरं उत्तर मला पहिल्या दोन उत्तरांइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण मासा म्हणजे छोटा माणूस नव्हे याची आठवण त्याच निबंधात छापली गेली. शिवाय पाण्यात घातलेलं औषध माशाच्या मेंदूत किती पोचलं हे पाण्यातल्या मात्रेवरून सांगता येत नाही. गुंगी आलेला मासाही खालीच बसतो. म्हणून नुसती उंची पाहून भागत नाही. थिजणं, वेग, वळणं आणि जमल्यास शरीरातलं कॉर्टिसॉल असं सगळं जोडीने पाहावं लागतं. छोट्या माशाचं कॉर्टिसॉल बहुधा अख्ख्या शरीरातून काढतात, म्हणजे मासा मारावा लागतो. सोयीच्या भाषेत हे विसरलं जाऊ नये.

2013 मध्ये हेरविग बायर यांच्या गटाने कॉर्टिसॉलचा निरोप स्वीकारणारा ग्राहक (रिसेप्टर) निकामी असलेल्या झेब्रामाशांचं वर्णन केलं. त्यांच्या अंगात कॉर्टिसॉल भरपूर, पण ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूला पोचत नाही. नव्या जागी हे मासे नेहमीच्या माशांपेक्षा जास्त थिजायचे. पाण्यात फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध घातल्यावर त्यांचं वागणं सावरलं. ताणाचा कारभार थांबवणारी यंत्रणा बिघडली तर वागणं कसं बिघडतं, हे इतकं स्पष्ट दिसणं ही मोठी गोष्ट होती.

त्याच वर्षी स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठाच्या टोमास ब्रोडीन यांनी प्रश्न उलटा केला. ऑक्साझेपाम हे चिंतेवरचं औषध माणसाच्या लघवीतून सांडपाण्यात जातं आणि शुद्धीकरणातूनही निसटतं. उप्सालाजवळच्या फ्युरिस नदीच्या पाण्यात ते सापडलं, आणि तिथल्या पर्च माशांच्या स्नायूंत ते पाण्यातल्यापेक्षा दाट साठलेलं आढळलं. प्रयोगशाळेत औषधाच्या अगदी पातळ द्रावणात ठेवलेले पर्च जास्त धीट झाले, कळपापासून दूर राहू लागले, भराभर खाऊ लागले. मासा मेला की नाही एवढ्यावर पाण्याच्या विषारीपणाचा निकाल देणाऱ्या जुन्या चाचण्यांना यातलं काहीच दिसलं नसतं. सांडपाणी तपासताना माशाच्या वागण्याचीही नोंद घ्यायला हवी. त्यासाठी लागणारी टाकी, रेघ आणि कॅमेरा कुठल्याही साध्या प्रयोगशाळेला परवडतो.